तळ्याचे पाणी वाफ्यात सोडण्याआधी खाद्य मोजा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परसातल्या मत्स्यतळ्याचे पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवून मातीविना भाजीपाला घ्यायचा, या अ‍ॅक्वापोनिक्स पद्धतीवर अलीकडे बरेच छापून येते. वर हिरवेगार वाफे, खाली पोहणारे मासे आणि 'खत नको, पाणी बदलायला नको' एवढे वाचून लोक हौसेने तळ्यात पंप सोडतात. महिनाभरात पाने पिवळी पडतात, किंवा एके पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. मग पद्धतच फसवी म्हणून सगळे मोडीत निघते. पद्धत फसवी नाही. बहुतेक वेळा चूक एकच असते. वाफा केवढा करायचा हे लोक तळ्यातल्या पाण्यावरून किंवा मोकळ्या जागेवरून ठरवतात. ते ठरायला हवे रोज माशांच्या पोटात जाणाऱ्या खाद्याच्या वजनावरून.

'माशांच्या विष्ठेवर झाडे वाढतात' हे वाक्य निम्मेच खरे आहे. खाद्यातली प्रथिने पचल्यावर नको असलेला नत्र मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. हा अमोनिया माशालाच विषारी. नायट्रोसोमोनास गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइटही घातक असते. ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेते, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. त्यानंतर नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बरेच सोसते आणि झाडांना तर तेच हवे असते. हे जिवाणू बहुतांशी खडीवर, पाईपच्या आतल्या बाजूला, तळ्याच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरून राहतात. त्यांना उन्हापासून आडोसा, भरपूर ऑक्सिजन आणि साधारण १७ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी १० अंशांच्या खाली गेले की त्यांचे काम निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. म्हणजे तळ्यावर मासे आणि भाजी पाळण्याआधी हे जिवाणू पाळावे लागतात.

आता आकडे पाहू. १,००० लिटरचे तळे आणि त्यात एकूण ५ किलो वजनाचे मासे धरा. वाढत्या वयाच्या माशांना वजनाच्या दीड टक्का खाद्य म्हणजे रोज ७५ ग्रॅम लागते. खाद्यात ३२ टक्के प्रथिने असतील, तर १०० ग्रॅम खाद्यामागे सुमारे ३ ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येतो. ७५ ग्रॅममागे झाला २.२ ग्रॅम. हजार लिटरमध्ये याचा अर्थ, जिवाणू नसतील तर अमोनिया एका दिवसात लिटरला २.२ मिलिग्रॅमने चढतो. जिवाणू असतील तर हे २.२ ग्रॅम पचवायला त्यांना रोज सुमारे १० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. सुमारे २५ अंशांच्या पाण्यात संपूर्ण हजार लिटरच्या तळ्यात एका वेळी जेमतेम ८ ग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, आणि त्यावर माशांनाही श्वास घ्यायचा असतो. वाफ्यातून तळ्यात परत पडणारी धार आणि हवेचा पंप ही चैन का नाही, ते या एका हिशेबावरून कळावे.

खाद्यावरून वाफा काढायचे प्रमाण अनुभवांती पक्के झालेले आहे. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी आणि सहकाऱ्यांनी तरंगत्या तराफ्यांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या तक्त्यांत झाडे लावण्याच्या) पद्धतीसाठी चौरस मीटरमागे रोज ६० ते १०० ग्रॅम खाद्य हे प्रमाण बसवले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरच्या अ‍ॅक्वापोनिक्सवर काढलेल्या तांत्रिक पुस्तिकेत पालेभाज्यांसाठी ४० ते ५० आणि फळभाज्यांसाठी ५० ते ८० ग्रॅम दिले आहे. घरच्या खडीच्या वाफ्याला हे दुसरे प्रमाण धरावे. म्हणजे ७५ ग्रॅम खाद्यावर दीड चौरस मीटर पालेभाजी निघेल.

शोभेच्या तळ्यावर हाच हिशेब लावून पाहा. डझनभर लहान गोल्डफिश रोज ८ ग्रॅम खाद्य खात असतील, तर त्यावर ०.१६ चौरस मीटर वाफा पोसला जाईल. म्हणजे लेट्युसचे चार गड्डे! तिथे दोन चौरस मीटरचा वाफा बांधला तर पाने पिवळी पडणारच, त्यात माशांचा दोष नाही आणि खडीचाही नाही. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी दहा दिवस खाद्य वजन करून टाका. चमच्यावर किंवा मुठीवर विसंबू नका, ग्रॅमचा काटा वापरा. दहा-पंधरा मिनिटांत मासे संपवतील तेवढेच टाकायचे, उरलेले जाळीने काढून वजनातून वजा करायचे. दहा दिवसांची सरासरी हाती आली की वाफ्याचे माप आपोआप निघते. भाजी जास्त हवी म्हणून नुसते खाद्य वाढवणे हा मात्र आत्मघात आहे. मासे वाढले, जिवाणू वाढले, मगच खाद्य वाढवायचे.

माशांची दाटी हा दुसरा मोह. जाणकार लोक हजार लिटरमध्ये २० किलोपर्यंत मासे सांभाळतात, पण त्यांच्याकडे गाळणी, जादा हवा आणि वीज गेल्यावरची सोय असते. सुरुवातीला हजार लिटरला ५ किलोच्या पुढे जाऊ नये. पूर्ण वाढीचे वजन धरून पिल्ले सोडावीत. आज बोटभर दिसणारा कोई मासा वर्षादोन वर्षांत तळे भरून टाकतो, हे सोडताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

तळ्याबद्दल थोडे. मातीचे तळे या कामाला फारसे चालत नाही, कारण गढूळ पाण्यातली चिकणमाती खडीच्या पोकळ्या बुजवते. अस्तर घातलेले तळे उत्तम. नवे सिमेंटचे तळे चुना सोडत राहते आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या वर नेऊन ठेवते. ते अनेकदा भरून-उपसून घ्यावे किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सी लेप द्यावा. तांब्याचे जोड आणि जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे पाण्याला लागता कामा नयेत, दोन्ही धातू माशांना बाधतात. शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची सवय असेल तर ती इथे सोडून द्यावी. निम्म्याहून जास्त पृष्ठभागावर सावली राहिली की शेवाळाचा जोर आपसूक ओसरतो.

हिरव्या पाण्याकडे काणाडोळा करू नका. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू चढवत नेते. सकाळी ७.५ असलेला सामू दुपारी चारला ९ वर गेलेला सापडतो. अमोनियाचा विषारी भाग सामूवर ठरतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. म्हणजे सकाळी निरुपद्रवी वाटलेला आकडा दुपारी मासे मारू शकतो. रात्री उलटे घडते. शेवाळ ऑक्सिजन खाते आणि पहाटे तो नीचांकाला जातो. म्हणून हिरव्या तळ्याची तपासणी दिवसातून दोनदा करावी, उजाडताना आणि उन्हे कलताना. एका वेळेच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

आता वाफा. एक चौरस मीटर, ३० सेंटीमीटर खडी हे माप सांभाळायला सोपे. पण वजनाचा अंदाज घ्या. एवढ्या खडीचे ४८० किलोच्या आसपास आणि वर शंभरएक लिटर पाणी, म्हणजे ६०० किलोचा भार एका चौरस मीटरवर येतो. जमिनीवर ठोकळ्यांची भक्कम बैठक करावी. गच्चीवर अभियंत्याला विचारल्याशिवाय हे करू नये. खडी ८ ते २० मिलिमीटरची घ्यावी. बारीक घेतली तर गाळाने तुंबते, जाड घेतली तर मुळांना आणि जिवाणूंना पुरेसा पृष्ठभाग मिळत नाही. मूठभर खडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे उठले तर ती चुनखडीची आहे, ती सामू चढाच ठेवील. नको ती. घेतलेली खडी पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. हे काम कंटाळवाणे आहे, पण इथे घाई केली तर ती भुकटी पुढे महिनोन्महिने पंपात आणि माशांच्या कल्ल्यांत जाते.

वाफा पाण्याने आलटून-पालटून भरतो आणि रिता होतो. भरताना तळ्याची पातळी खाली जाते, हे आधी मोजलेले बरे. ३० सेंटीमीटर खडीत पाणी तळापासून २५ सेंटीमीटरपर्यंत चढते आणि २-३ सेंटीमीटरपर्यंत उतरते. खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर एका फेरीत सुमारे ९० लिटर पाणी वाफ्यात जाते. तळ्याचा पृष्ठभाग दोन चौरस मीटर असेल तर पातळी साडेचार सेंटीमीटर खालीवर होईल. काठावरचे अस्तर तेवढे उघडे पडते, उथळ कप्प्यातली पाणवनस्पती कोरडी पडते. दोन वाफे एकदम भरत असतील तर दुप्पट. लहान तळ्यात हा चढउतार माशांना झेपत नाही. तिथे तराफा किंवा सतत वाहणारा वाफा बरा.

वाफा रिकामा करण्यासाठी घंटेचा सायफन सगळ्यांना आवडतो आणि सगळ्यांना छळतो. त्याची मापे अशी. उभा पाईप २५ मिलिमीटर व्यासाचा, उंची २५ सेंटीमीटर. त्याच्या तोंडावर ५० मिलिमीटरचा रिड्यूसर नरसाळ्यासारखा बसवला तर सायफन लवकर पकडतो. त्यावर उपडी घंटा, म्हणजे वरून झाकण हवाबंद केलेला ७५ मिलिमीटरचा पाईप. घंटेच्या बुडाला दीड-दोन सेंटीमीटर उंचीच्या तीन-चार खाचा. उभ्या पाईपचे तोंड आणि घंटेचे झाकण यांत दोन-तीन सेंटीमीटर जागा. सगळ्याच्या बाहेर ११० मिलिमीटरचा भोके पाडलेला पाईप, खडी आत जाऊ नये म्हणून. वाफ्याखाली पाईप १५-२० सेंटीमीटर खाली आणून त्याला एक एल्बो द्यावा. एल्बोमुळे पाणी क्षणभर अडते, पाईप पूर्ण भरतो आणि सायफन सुरू होतो.

पाणी उभ्या पाईपच्या काठाशी आले की आधी बारीक धार वाहते, मग घंटेत गुरगुर ऐकू येते आणि पाणी एकदम जोराने ओढले जाते. शेवटी खाचांतून हवा शिरली की घोट घेतल्यासारखा आवाज होऊन प्रवाह तुटतो. हे तीन आवाज कानात बसले की दोष ओळखता येतो. गुरगुर न होता धारच वाहत राहिली तर येणारे पाणी कमी पडते आहे, किंवा झाकणातून हवा गळते आहे. शेवटचा घोट येतच नसेल आणि वाफ्याच्या तळाशी पाणी सतत वाहत राहिले, तर येणारे पाणी जास्त आहे. व्हॉल्व्ह थोडा बंद करावा किंवा घंटेच्या झाकणातून एक बारीक नळी खाचांच्या पातळीपर्यंत उतरवावी, म्हणजे हवा नेमकी वेळेवर शिरते. एक चौरस मीटरच्या वाफ्याला तासाला २०० ते ५०० लिटरच्या दरम्यान कुठेतरी हा मेळ बसतो. ४०० लिटरला वाफा १३-१४ मिनिटांत भरतो. चार-सहा महिन्यांनी नीट चाललेला सायफन अचानक बिघडला तर आधी बाहेरच्या पाईपमध्ये हात घालून पाहावे, पुदिन्याची मुळे भोकांतून आत शिरलेली सापडतात. पुदिना सायफनपासून लांब लावावा.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. नुसता उभा पाईप लावून पाणी सतत वाहते ठेवले तरी पालेभाज्या येतात. किंवा टायमरवर पंप १५ मिनिटे चालू, ४५ मिनिटे बंद ठेवावा आणि उभ्या पाईपच्या बुडाशी ६ मिलिमीटरचे भोक पाडावे, पंप थांबला की वाफा हळूहळू रिता होतो. मात्र पंप थांबलेला असताना तळ्यात हवेचा पंप चालूच हवा.

पंप निवडताना डब्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो, हे विसरू नका. तुम्हाला हवा असलेला आकडा तळ्याच्या पृष्ठभागापासून वाफ्याच्या काठापर्यंतच्या उंचीवरचा आहे. हजार लिटरचे पाणी निदान दोन तासांत एकदा फिरायला हवे, म्हणजे प्रत्यक्षात तासाला ५०० लिटर. सव्वा मीटर उंचीसाठी डब्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा असलेला पंप लागतो. पंप लावल्यावर खात्री बादलीने करावी, १० लिटरची बादली एका मिनिटात भरली तर तासाला ६०० लिटर. तेल भरलेले बुडीत पंप टाळा, सील फुटले की तेल तळ्यात येते. पंप तळ्याच्या अगदी बुडाशीही ठेवू नये. पाईप निसटला तर पंप सगळे तळे बाहेर उपसून टाकील, म्हणून निदान तिसरा हिस्सा पाणी राहील एवढ्या उंचीवर तो ठेवावा. वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा अर्थ लिकेज ब्रेकर असल्याशिवाय तळ्यात हात घालू नये. इथे तडजोड नाही.

सांगाडा उभा राहिला की हात आवरणे सर्वांत अवघड. नव्या तळ्यात जिवाणू तयार व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर हवेचा पंप लावून एक-दोन दिवस पाणी तसेच ठेवावे. क्लोरामाइन असेल तर ते असे उडत नाही, त्याला सोडियम थायोसल्फेट लागते आणि त्यातून सुटणारा अमोनिया जमेस धरावा लागतो. मासे न सोडता जिवाणूंचे खाद्य म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड घालावे. हजार लिटरला साडेसात ग्रॅम म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम नत्र. सुगंध किंवा साबण मिसळलेला सफाईचा अमोनिया चालत नाही. आधी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते, मग नायट्राइट उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्यावर आले, की मासे सोडायला हरकत नाही, तेही निम्मेच. निरोगी जुन्या तळ्याच्या गाळणीतली चार मुठी खडी वाफ्यात मिसळली तर हा काळ बराच कमी होतो.

तळ्यात मासे आधीपासून असतील तर रसायन घालायचा प्रश्न नाही. वाफा जोडून खाद्य निम्मे करावे आणि अमोनिया-नायट्राइट रोज पाहावे. दोन्हींपैकी एकही लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेले तर खाद्य बंद आणि तिसरा हिस्सा पाणी बदलायचे. निरोगी मोठे मासे काही दिवस उपाशी सहज राहतात. नायट्राइट चढले तर लिटरला १ ग्रॅम साधे मीठ, आयोडीन किंवा इतर काही न मिसळलेले, माशांना तारते, कारण क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरू देत नाही. पण एवढे मीठ स्ट्रॉबेरी आणि घेवड्याला सोसत नाही, आणि ते पाणी बदलल्याशिवाय निघत नाही.

यंत्रणा रुळली की पुढचा प्रश्न उलट्या बाजूने येतो, सामू घसरू लागतो. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू पाण्याची आम्ल सोसायची ताकद, म्हणजे क्षारता, खर्च करतात. वरच्या उदाहरणातल्या २.२ ग्रॅम नत्रामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात रोज सुमारे १६ ग्रॅम. ती भरून काढायला कागदावर १२ ग्रॅम विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) किंवा ३२ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट लागेल. प्रत्यक्षात कमी लागते, कारण मुळे नायट्रेट घेताना थोडी क्षारता परत देतात आणि भरीच्या पाण्यातूनही काही मिळते. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा सामू पाहून घालावे. तो ६.५ च्या खाली जाऊ लागला की एका खेपेस चुना, पुढच्या खेपेस पोटॅशियम बायकार्बोनेट. असे आलटून-पालटून केले की झाडांना खाद्यातून कमी पडणारे कॅल्शियम आणि पोटॅशियमही मिळते. बादलीभर पाण्यात कालवून पंपाजवळ हळूहळू सोडावे आणि एका दिवसात सामू ०.३ पेक्षा जास्त हलू देऊ नये. तीन जिवांचा संसार आहे. जिवाणूंना ७ च्या वरचा सामू आवडतो, झाडांना ६ च्या आसपासचा. ६.५ ते ७ ही तिघांना पटणारी तडजोड. ६ च्या खाली जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साचू लागतो.

माशांच्या खाद्यात लोह झाडांच्या मानाने अगदी कमी असते, ते वरून द्यावेच लागते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी. लिटरला २ मिलिग्रॅम या मात्रेने हजार लिटरला २ ग्रॅम लोह तीन आठवड्यांतून एकदा पुरते. हे लोह चिलेटच्या, म्हणजे पाण्यात विरघळून राहणाऱ्या रूपात मिळते. ११ टक्के लोहाचे डीटीपीए चिलेट असेल तर १८ ग्रॅम, ६ टक्क्यांचे ईडीडीएचए चिलेट असेल तर ३३ ग्रॅम. सामू ७.५ च्या वर राहत असेल तर ईडीडीएचएच घ्यावे, पाणी लालसर होईल, घाबरू नये. लोहाचा गंजका खिळा टाकून काही होत नाही. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅशियम कमी, लेट्युसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोके जळली तर कॅल्शियम पोहोचत नाही. जुनी पाने सरसकट फिकट पडली तर नायट्रेट तपासा, ते ५ मिलिग्रॅमच्या आत असेल तर वाफा माशांच्या मानाने मोठा आहे. झाडे कमी करा.

पहिले तीन-चार महिने लेट्युस, पालक, तुळशीच्या जातीतले बेझिल, पुदिना एवढ्यावर राहावे. टोमॅटो-मिरचीला फुलोऱ्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर लागते, ते नव्या यंत्रणेत नसते. रोपाच्या मुळांची माती तळ्याच्या पाण्यात पूर्ण धुऊन मगच ते खडीत खोचावे आणि वरचा ५ सेंटीमीटर थर कायम कोरडा ठेवावा. खोड कुजत नाही, शेवाळ धरत नाही, डास अंडी घालत नाहीत.

गाळाचा निचरा ही दुर्लक्षित बाब आहे. वर सांगितलेल्या दाटीला खडी स्वतःच गाळणीचे काम करते, आणि कंपोस्टात वाढणारी लाल गांडुळे मूठभर सोडली तर विष्ठा कुरतडून बारीक करतात. पाण्याच्या चढउतारामुळे ती मरत नाहीत. दाटी वाढवली तर वाफ्याआधी शंभर लिटरचे पिंप ठेवावे, पाणी त्यात काठालगत फिरत शिरले की जड गाळ मधोमध बसतो, तो आठवड्याला काढावा. खडी उकरल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला आणि मुळे तपकिरी, लिबलिबीत निघाली, तर तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही. एका वेळी निम्माच वाफा उकरावा आणि खडी तळ्याच्याच पाण्यात खळबळून घ्यावी. सगळी खडी नळाखाली धुतली तर जिवाणू एका दुपारी संपतात आणि पहिल्या दिवसावर यावे लागते.

किडीवर फवारणी करू नये. पायरेथ्रॉइड औषधाचा अंशही माशांना मारतो, कडुनिंबाचा अर्क आणि साबणाचे पाणीसुद्धा तळ्यात उतरले तर निर्धोक नाही. अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य कीटकनाशक चालते, माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा आणि हाताने चिरडणे.

वीज गेली की झाडे खडीच्या ओलीवर तासन् तास तग धरतात, मासे धरत नाहीत. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून हवा. उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि माशांना ५ च्या खाली त्रास सुरू होतो. असा पंप घेईपर्यंत वीज गेली तर बादलीने पाणी उचलून उंचावरून तळ्यात ओतत राहावे, आणि त्या दिवशी खाद्य टाकू नये.

मासा आजारी दिसला तर औषध तळ्यात कधीही टाकू नये. फॉर्मालिन, तांबे, प्रतिजैविके यांनी वाफ्यातले जिवाणू मरतात किंवा लुळे पडतात आणि औषध भाजीत उतरू शकते. खाण्यासाठी पाळलेल्या माशांना मॅलाकाइट ग्रीन तर कुठेच वापरू नये. शंभर लिटरचे एक टब, तळ्याचेच पाणी, हवेच्या पंपाचा एक खडा (एअर स्टोन) आणि वर जाळी अशी सोय वेगळी तयार ठेवावी, उपचार तिथे करावेत आणि ते पाणी झाडांना न घालता टाकून द्यावे.

आपले,
परसात मासे आणि भाजी एकत्र पिकवणारे काही वाचक